देवाशी धरलेला अबोला

थोरली कवळ्या बनवायची, आणि त्या कामाला शांतता लागते. मेण वितळवून साच्यावर बसवायचं, चिमट्यानं एकेक दात त्यात रोवायचा, वरची दाढ खालच्या दाढेला नीट भिडते का ते पाहायचं, आणि हे सगळं मेण गार व्हायच्या आत. नेमक्या त्याच वेळी पुढच्या खोलीत गाणं सुरू व्हायचं.

गाणाऱ्या बायका चर्चमधल्या होत्या. रोज दुपारी चारच्या सुमारास त्या यायच्या. सगळ्यांत पुढे पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. त्यांचा आवाज दणदणीत आणि सूर स्वतःच्या मर्जीचा. त्यांच्या मागे टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांची प्रत्येक ओळ बाकीच्यांच्या नंतर संपायची, जणू तीही पोचती करायची असावी. शिवाय आणखी तिघी-चौघी. खुर्च्या कमी पडल्या की कुणीतरी मागच्या खोलीत यायचं आणि थोरलीचं स्टूल उचलून न्यायचं, विचारायची पद्धत नाही. एकदा ती कपाटातून दात काढायला उठली, परत बसायला गेली आणि सरळ जमिनीवर आपटली. हातातला खालचा जबडा टेबलाखाली गेला. पुढच्या खोलीत त्या वेळी देव आपल्या लेकरांना पडू देत नाही अशा अर्थाचं काहीतरी गाणं चालू होतं.

बायका यायच्या त्या धाकटीसाठी. धाकटी म्हणजे थोरलीची बहीण. तिचा नवरा एका मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा, म्हणून घरात आणि गल्लीत त्याला सगळे इंजिनवाला म्हणत. त्याचं जहाज परक्या देशातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि हलत नव्हतं. मालकानं हात वर केले होते. तेल पाठवत नव्हता, रसद पाठवत नव्हता, फोन उचलत नव्हता. बंदरवाले म्हणत, जहाज रिकामं सोडून चालणार नाही, बदली माणसं आणा आणि मग उतरा. बदली माणसं आणणार कोण? मालक. अशा त्या चक्रात जहाजावरची माणसं महिनोन् महिने अडकून पडली होती. किनारा डोळ्यांना दिसायचा, रात्री तिथले दिवे दिसायचे, पण पाय ठेवता येत नव्हता.

नवऱ्याची बातमी आली त्या आठवड्यात धाकटी ट्रंक घेऊन थोरलीकडे राहायला आली. थोरली विधवा, मूलबाळ नाही, घर दोघींना पुरेसं. तिनं बहिणीला आनंदानं ठेवून घेतलं. बहिणीबरोबर अख्खी प्रार्थना मंडळी येणार आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर स्टूल आणि मेण हे निमित्त होतं. थोरलीनं देवाशी अबोला धरला होता. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता, तेव्हा हीच गीतं याच पाळकबाईंनी याच खोलीत म्हटली होती. थोरलीही गुडघे टेकून बसली होती. आयुष्यात तिनं देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. एवढं एकच मागितलं, आणि ते मिळालं नाही. ती ना ओरडली, ना तिनं चर्च सोडलं. भांडण झालेल्या नणंदेच्या घरच्या लग्नाला जावं तशी ती रविवारी चर्चमध्ये जायची. हजेरी लावायची, सगळ्यांबरोबर उठायची, बसायची, आणि डोळे मिटले की घरी कुठल्या कवळ्या पॉलिश करायच्या राहिल्यात त्याचा विचार करायची. देवाला उद्देशून एक अक्षर नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला माहीत असेल तर असो, असं तिचं म्हणणं होतं.

प्रार्थना धाकटीच्या वाट्याला आणि धावपळ थोरलीच्या, अशी वाटणी आपोआप झाली. ती बहिणीला घेऊन जहाज कंपनीच्या कचेरीत गेली. पहिल्यांदा गेल्या तेव्हा गुळगुळीत टेबलामागच्या मुलीनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा चहा नव्हता, मीटिंग होती. पुढच्या खेपेला त्या जिना चढून वर गेल्या तर दारावरची पाटी गायब. आत पडद्यांचं दुकान लागलं होतं. तेच टेबल, तीच मुलगी, फक्त आता ती कापड मोजत होती. साहेबांबद्दल विचारलं तर म्हणाली, ते कुठं गेले तिला ठाऊक नाही, तिचा पगार त्यांच्याकडेच अडकलाय. आणि मग, सवयीनं असेल, तिनं विचारलं की खिडकीसाठी हवाय की दारासाठी.

थोरली जिना उतरली ती तणतणतच. तिथून सरकारी कचेरी. तिथं एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरून पुन्हा पहिल्या खिडकीवर. पहिल्या खिडकीतल्या माणसानं त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं आणि काय काम म्हणून विचारलं. धाकटी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. थोरलीला वाटलं, आता एक तर ही काच फुटेल नाही तर माझं डोकं.

घरी पोचल्या तर बायका दारात हजर. थोरलीनं कुलूप उघडलं, चपला भिरकावल्या आणि मागच्या खोलीत गेली. स्टूल जागेवर नव्हतं. पुढच्या खोलीत पाळकबाई धाकटीला जवळ घेऊन सांगत होत्या की धीर धर, प्रत्येक गोष्टीमागे देवाची काहीतरी योजना असते.

थोरली दारात येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच सगळ्या गप्प झाल्या.

"योजना असेल तर त्याला म्हणावं, एकदा दाखव तरी. मी आज तीन मजले चढून आले, मला कुठंच दिसली नाही. आणि माझ्या नवऱ्याच्या वेळची योजनाही अजून दाखवायची राहिलीये. तोवर तुम्ही तुमच्या घरी गा. इथं मला काम असतं."

बायकांनी पिशव्या उचलल्या. पाळकबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. टपालवाल्या बाईंनी जाताना स्टूल आणून जागेवर ठेवलं, त्यानं थोरलीला जास्तच लागलं.

धाकटी भांडली नाही. तिनं कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. मग हात पुसत म्हणाली, "ताई, तुला वाटतं मी भोळी आहे. गाणी म्हटली की जहाज सुटतं असं मला वाटतं, असं तुला वाटतं ना?"

थोरलीला तसंच वाटत होतं.

"सकाळी उठले की मला अख्खा दिवस समोर दिसतो आणि तो कसा ढकलायचा कळत नाही. मग मी म्हणते, चारपर्यंत जाऊ. चारला त्या येतात. कुणी बेसूर गातं, कुणी रडतं, पण मी एकटी नसते आणि येशू तिथं असतो. हो, असतो. मला तो दिसत नाही, पण असतो. मग मी म्हणते, आता उद्या चारपर्यंत जाऊ. मला एवढंच जमतं, ताई. आणि तेवढं तू आज बंद केलंस."

ती झोपायला गेली. थोरलीनं त्या संध्याकाळी एका म्हातारबुवांच्या कवळीत दोन दात उलटे बसवले आणि सगळं मेण खरवडून काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चारला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. थोरलीला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती शांतता तिला काही केल्या सोसेना. दर थोड्या वेळानं ती कान टवकारायची आणि स्वतःवरच चिडायची. धाकटी पुढच्या खोलीत एकटीच डोळे मिटून बसायची. तिचे ओठ हलायचे. थोरली दार लावून घ्यायची, मग पुन्हा उघडायची.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी खलाशांच्या संघटनेतला एक वकील गाठला. सांगायला हवं की बायकांच्या प्रकरणाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ते धाकटीला घेऊन कोर्टात अर्ज द्यायला गेले. तिथं आत जाताना फोन दारावर ठेवून घेतात. चारच्या सुमारास थोरली घरी एकटीच होती, हाताला साच्याचं ओलं प्लास्टर लागलेलं, आणि तिचा फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी. तिनं कोपरानं बटण दाबलं.

"ताई? मी बोलतोय. तिचा फोन लागत नाहीये."

इंजिनवाल्याचा आवाज तिनं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. जहाजावर सगळ्यांत उंच जागी चढलं की कधीमधी फोन लागतो, एवढं धाकटीकडून तिला माहीत होतं. लांबून कुणी डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज येत होता. तिनं कोर्टाचं सांगितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो नुसतं बरं म्हणाला.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. तेल संपत आल्यामुळं जनरेटर दिवसातून थोडाच वेळ चालतो, तेवढ्यात पाणी चढवायचं आणि फोन चार्ज करायचे. पाणी मोजून. स्वयंपाकी अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडलाय. जेवत नाही, बोलत नाही. दोघंजण किनाऱ्याकडे पोहत जायच्या गोष्टी करतायत, आणि मधला प्रवाह माणूस गिळणारा आहे. तो स्वतः? त्याचं काय, तो ठीक आहे. एवढं म्हणून तो गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यावरून थोरलीला कळलं की तो ठीक नाही.

"ताई, त्या बायका आल्यात का? फोन जरा त्यांच्यात ठेवता?"

तिला आधी कळेना. मग उलगडलं. फोन लागेल त्या दिवशी धाकटी तो टेबलावर बायकांच्या मधोमध ठेवायची. तिकडे इंजिनवाला फोन वर धरायचा आणि जहाजावरची सगळी माणसं भोवती उभी राहायची. त्यातला ख्रिस्ती तो एकटाच. बाकीचे चार देशांचे, चार धर्मांचे, गाण्यातला शब्दही न कळणारे. पण कुठल्या तरी घरात काही बायका रोज आपल्यासाठी बसतात, हे त्यांना कळत होतं. पाळकबाईंच्या सुराची ते नक्कलही करायचे, त्यांच्या परीनं प्रेमानं. आणि गेले काही दिवस फोन लागत नव्हता. आज सगळ्यांनी आपापल्या फोनचं चार्जिंग वाचवून हा एक भरला होता. ते उभे होते. स्वयंपाक्यालाही धरून वर आणला होता.

थोरलीनं पुढच्या खोलीत पाहिलं. रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. तिनंच लावल्या होत्या.

"त्या आल्या नाहीत," ती म्हणाली. "माझ्यामुळं. मी हाकललं त्यांना."

"मग तुम्ही करा प्रार्थना," तो म्हणाला.

तिनं सांगितलं की तिला जमणार नाही. त्यानं का विचारलं. तिनं सांगितलं की ती देवाशी बोलत नाही, तिचा नवरा गेला तेव्हापासून बोलत नाही, आणि आता एकदम काम पडलं म्हणून तोंड उघडायचं तिला बरं दिसत नाही. हे ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होती, आणि तेही समुद्रात उभ्या असलेल्या माणसाला, हाताला ओलं प्लास्टर असताना.

"मीही बोलत नाहीये, ताई," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. तिला सांगू नका. पण चार्जिंग संपत आलंय हो."

थोरलीला दोघांचा राग आला, ह्याचा आणि वरच्याचा. तिनं फोन मेणाच्या डब्याला टेकवून उभा केला, हात पुढे धरले आणि कुणा अधिकाऱ्याला जाब विचारावा तशी सुरुवात केली.

"हे बघ, मी आहे. मी तुझ्याशी बोलत नव्हते, तुला माहीत आहे, आणि का तेही माहीत आहे. ते आपण नंतर बघू, मी सोडणार नाहीये. आधी ही माणसं बघ. ह्यांनी काय केलंय? मालक पळाला. बंदरवाले ऐकत नाहीत. कचेरीत पडदे विकायला बसलेत. मी एकेकाचं दार वाजवून आले, आता तूच उरलास. तूही मीटिंगमध्ये असशील तर मी जाऊ कुठं? तो स्वयंपाकी जेवत नाही, त्याला उठव. त्या दोघांना पाण्यात उडी मारू देऊ नकोस, त्यांना अक्कल दे. आणि हा इंजिनवाला ठीक आहे म्हणतोय, तो ठीक नाही, त्याच्याकडे बघ. माझी बहीण रोज चारपर्यंत जगते. आणि तुला हे सगळं मी समजावून सांगायला हवं का? तूही बागेत एकटा पडला होतास ना? जवळची माणसं झोपून गेली होती. तूही मागितलंस, आणि तुझा बापही गप्प..."

हे ती बोलायला निघाली नव्हती. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशू बागेत 'हे टळू दे' म्हणून बापाकडे मागतो ती लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, दरवर्षी चर्चमध्ये ऐकायची, मनात पॉलिशचा हिशेब चालू ठेवून. तिनं मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं. त्यानंही मागितलं होतं. इतकी वर्षं ती ज्याच्याशी अबोला धरून बसली होती, तो तिच्याच शेजारी, नवऱ्याच्या त्या अंथरुणाच्या कडेला बसलेला असू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. राग गेला नाही. पण आता तो राग एकटीचा राहिला नाही.

"तेवढंच," ती म्हणाली. "आमेन."

पलीकडून तीन-चार आवाजांत आमेन आलं, प्रत्येकाचं वेगळं. मग कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि इंजिनवाला हसला. रडता रडता हसतो तसं.

"स्वयंपाकी विचारतोय, ही बाई कुणाला एवढं रागावतेय. मी म्हटलं, देवाला. तो म्हणतो, त्याची मोठी बहीण अशीच..."

फोन बंद पडला.

थोरलीनं हात धुतले, तोंड धुतलं आणि तशीच पाळकबाईंच्या घरी निघाली. वाटेत ती माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होती आणि प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं. दार उघडं होतं. आत सगळ्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांनी प्रार्थना बंद केली नव्हती, जागा बदलली होती इतकंच. थोरलीला पाहून सगळ्या आक्रसल्या.

तिनं माफी मागितलीच नाही. जहाजावर काय झालं ते उभ्या उभ्या सांगून टाकलं, स्वतः काय बोलली तेही, आणि शेवटी म्हणाली की उद्यापासून घरी या, आणि येताना खुर्च्या आणा.

बाकीच्या बायका डोळे पुसायला लागल्या. पाळकबाई तिला सोडायला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आल्या.

"ते योजनेचं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या यजमानांच्या वेळीही मी तेच बोलले होते. मला काय बोलावं कळत नाही हो. समोरचं माणूस रडत असतं, आणि मला भीती वाटते की मी गप्प बसले तर देव नाहीच असं त्याला वाटेल. म्हणून मी बोलते."

"गप्प बसत जा," थोरली म्हणाली. मग तिला वाटलं हे जरा जास्त झालं. "म्हणजे, या मात्र नक्की."

पाळकबाई हसल्या. त्यांना राग आला नाही, किंवा आला असेल तर त्यांनी तो गिळला.

पुढं सगळं पटापट झालं असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. वकील आजारी पडला, बंदरातल्या अधिकाऱ्याची बदली झाली, नव्यानं सगळं सांगावं लागलं. थोरलीनं दर खेपेला कपाळाला हात लावला, आणि मग चारला पुढच्या खोलीत येऊन देवासमोर सगळी तक्रार मांडली, नावनिशीवार. तिच्या प्रार्थनेला नम्र म्हणता आलं नसतं. टपालवाल्या बाईंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं की देवाशी असं बोललेलं चालतं का. पाळकबाईंनी गप्प बसायचं ठरवलं होतं, त्या गप्प बसल्या. धाकटीच म्हणाली, चालतं, घरातल्या माणसाशीच असं बोलतात.

स्वयंपाकी आधी सुटला. त्या बंदरगावातल्या एका चर्चची माणसं होडीतून पाणी आणि औषधं घेऊन जहाजावर जायला लागली होती. त्यांनी डॉक्टर नेला आणि डॉक्टरनं त्याला किनाऱ्यावर हलवायला लावलं. पोहायला निघालेले दोघे पोहले नाहीत. अखेर कोर्टानं जहाज विकायला काढलं, आणि नव्या मालकानं माणसं उतरवली. इंजिनवाला घरी आला तेव्हा त्याचे कपडे त्याच्या अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. तो दारात उभा राहून धाकटीकडे बघत बसला आणि धाकटी त्याच्याकडे, आणि कुणीच आत येईना, तेव्हा थोरलीलाच म्हणावं लागलं की माश्या आत येतायत.

तो हळूहळू सावरला. वजन भरलं. गॅरेजमध्ये काम करू लागला. त्याचं आणि देवाचं बोलणं कसं, कधी सुरू झालं, ते थोरलीनं विचारलं नाही. रविवारी तो तिच्या शेजारी बसायचा, आणि कधी कधी दोघंही डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून बसायची. धाकटीला त्याचं हसू यायचं.

मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला की दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलंय. चांगली कंपनी आहे, संघटनेनं तपासलीये. जहाजही नवं. धाकटीनं ताटातून मान वर केली नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होतं आणि तिनं होही म्हटलेलं होतं.

थोरलीनं दोघांना एकदाच विचारलं, नक्की का. तो म्हणाला, इंजिन सोडून मला दुसरं काही येत नाही, ताई, आणि तिथंही कुणीतरी असेल, ज्याला कुणाचा तरी आवाज हवा असेल.

थोरली ताट घेऊन उठली, मागच्या खोलीत गेली आणि दार आपटून लावून घेतलं. बाहेर धाकटी नवऱ्याला म्हणाली की आता तासभर ताईला हाक मारू नकोस. आतून थोरलीचा आवाज यायला लागला होता, चढलेला, मधेच अडणारा, पुन्हा सुरू होणारा. ती देवाला विचारत होती की एवढं सगळं झाल्यावर ह्याला हीच बुद्धी द्यायची होती का, आणि दिलीच आहेस तर आता तिथंही तूच बघायचंस.